तांब्याचा भाव कशाने हलतो? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

धातूंच्या बाजाराविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या वेळी तांब्याबद्दलची आहेत, आणि २०२५ च्या अखेरीस लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या वायदेबाजारात तांब्याने टनाला १२,००० डॉलरची पातळी ओलांडल्यानंतर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : जगात तांब्याच्या शेकडो खाणी असताना एखाद-दुसरी बंद पडली की साऱ्या जगाचा भाव का चढतो? आणि भाव चढल्यावर बाकीच्या खाणी लगेच उत्पादन का वाढवत नाहीत?

खाणी शेकडो असल्या तरी उत्पादन त्यांच्यात सारखे वाटले गेलेले नाही. २०२४ मध्ये जगभरातील खाणींतून सुमारे २ कोटी ३० लाख टन तांबे निघाले आणि त्यातले जवळपास निम्मे चिली, काँगो आणि पेरू या तीनच देशांतून आले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील एस्कोंदिदा ही एकटी खाण वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांबे देते. अशा बाजारात नोव्हेंबर २०२३ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने कोब्रे पनामा खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि वर्षाला साडेतीन लाख टनांचा पुरवठा थांबला. जगाच्या हिशेबात हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास भरते. आकडा लहान वाटतो खरा, परंतु या बाजारात वर्षाची तूट किंवा वाढावा बहुधा एक-दोन टक्क्यांच्याच घरात असतो, त्यामुळे एवढ्याशा घटीनेही वाढाव्याचे वर्ष तुटीचे होऊ शकते. ८ सप्टेंबर २०२५ रोजी इंडोनेशियातील ग्रासबर्ग खाणीच्या भुयारी भागात ओल्या चिखलाचा प्रचंड लोंढा शिरला, सात कामगारांचा जीव गेला आणि जगातील सर्वांत मोठ्या खाणींपैकी एकीचे काम ठप्प झाले. त्यानंतर भाव का उसळला हे वरील हिशेबावरून ध्यानात येईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तांब्याच्या बाजाराचा स्वभाव त्यातून उलगडतो. चालू खाणीत दररोज किती दगड दळला जाईल हे तिथल्या गिरण्यांच्या क्षमतेवर ठरलेले असते आणि ती क्षमता भाव वाढला म्हणून वाढत नाही. उलट भाव चढले की पूर्वी परवडत नसलेले कमी प्रतीचे खनिज काढणे फायद्याचे ठरते. तेच खनिज त्याच गिरणीत घातल्यास दळण तेवढेच राहते आणि बाहेर पडणारे तांबे मात्र घटते. म्हणजे भाववाढीनंतर काही काळ पुरवठा किंचित कमी होणेही शक्य असते.

नवी खाण काढावी म्हटले तर साठा सापडल्यापासून पहिले तांबे हाती येईपर्यंत दीड-दोन दशके सहज जातात. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील रेझोल्यूशन हा विशाल साठा १९९५ मध्ये सापडला. परवाने, जमिनीची अदलाबदल आणि ॲपाची लोकांच्या पवित्र स्थळाबाबतचे न्यायालयीन वाद यांत तीस वर्षे गेली तरी तिथून अजून उत्पादन सुरू झालेले नाही. मंगोलियातील ओयू तोल्गोई येथे २००१ च्या सुमारास मोठा साठा हाती लागला आणि भुयारी खाणीतून नियमित उत्पादन २०२३ मध्ये सुरू झाले. ज्यांना आज खाण बंद पडल्यामुळे लागलेली खोट भरून काढायची आहे, त्यांच्या दृष्टीने असे प्रकल्प जणू अस्तित्वातच नसतात.

मागणीची बाजूही तितकीच ताठर असते. एखाद्या इमारतीच्या एकूण खर्चात तिच्या वायरिंगमधील तांब्याचा वाटा अगदी थोडा, त्यामुळे तांबे तीस टक्क्यांनी महागले म्हणून कोणी इमारत बांधायचे थांबत नाही. पुरवठा हलत नाही आणि मागणीही हलत नाही, म्हणून सारा ताण भावावर येतो. हे खाली जातानाही तितकेच खरे आहे. जुलै २००८ मध्ये टनाला सुमारे ८,९०० डॉलरवर असलेले तांबे आर्थिक संकटात त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत ३,००० डॉलरच्या खाली आले होते.

प्रश्न : तांबे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना आता शुल्कच मिळत नाही, असे वाचले. मग ते चालतात कसे? आणि याचा भावाशी संबंध काय?

हा प्रश्न विचारणारी तीन पत्रे आली याचा मला आनंद झाला, कारण सर्वसाधारण बातम्यांत या विषयाला फारशी जागा मिळत नाही. खाणीतून निघालेल्या दगडात तांबे जेमतेम अर्धा-एक टक्का असते. तो दळून आणि फेसाच्या टाक्यांतून काढून जे कॉन्सन्ट्रेट तयार होते, त्यात पंचवीस ते तीस टक्के तांबे असते आणि बाकी प्रामुख्याने गंधक आणि लोह. ही काळसर भुकटी जहाजाने स्मेल्टरकडे जाते, तिथे ती वितळवून ॲनोड, म्हणजे काहीशा अशुद्ध तांब्याच्या पाट्या, ओतले जातात आणि विद्युत्-विघटनाने ९९.९९ टक्के शुद्धतेचे कॅथोड, म्हणजे शुद्ध तांब्याचे पत्रे, मिळतात. खाण कंपनीला कॉन्सन्ट्रेटमधल्या तांब्याची किंमत देताना स्मेल्टर आपले प्रक्रिया शुल्क त्यातून वजा करतो. दरवर्षी मोठ्या खाण कंपन्या आणि चीनमधील मोठे स्मेल्टर वाटाघाटी करून हे शुल्क ठरवतात आणि बरेचसे वार्षिक करार त्याच आकड्याला धरून होतात.

२०२४ साठी हा दर टनभर कॉन्सन्ट्रेटमागे ८० डॉलर होता. २०२५ साठी तो २१.२५ डॉलरवर आला आणि २०२६ साठी शून्यावर करार झाला. वार्षिक कराराबाहेर, त्या-त्या वेळी होणाऱ्या सौद्यांत तर २०२४ मध्येच दर शून्याच्या खाली गेला होता. म्हणजे कच्चा माल मिळावा म्हणून स्मेल्टरच पदरचे पैसे देत होते. कारण सरळ आहे. स्मेल्टर दोन-तीन वर्षांत उभा राहतो, खाणीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि चीनने गेल्या दशकात स्मेल्टर भराभर उभारले. चीन आता जगातील शुद्ध तांब्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक तांबे तयार करतो, परंतु त्याच्या स्वतःच्या खाणी या गरजेच्या मानाने फार लहान आहेत. त्यात कोब्रे पनामासारखे धक्के बसले आणि भट्ट्या जास्त, भुकटी कमी अशी स्थिती झाली.

तरीही भट्ट्या चालतात, कारण शुल्क हे त्यांचे एकमेव उत्पन्न नाही. वितळताना बाहेर पडणाऱ्या गंधकाच्या वायूपासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते खत कारखान्यांना विकले जाते. कॉन्सन्ट्रेटमधील सोने आणि चांदी यांचाही काही भाग हाती लागतो. शिवाय करारानुसार स्मेल्टर साधारणपणे साडेशहाण्णव टक्के तांब्याचेच पैसे देतो. प्रत्यक्षात त्याने अठ्ठ्याण्णव टक्के काढले, तर वरचे दीड टक्का त्याचे, आणि तांबे महाग असले की या दीड टक्क्याचे मोलही वाढते. ज्यांची भट्टी जुनी, वीज महाग आणि जवळपास आम्लाला गिऱ्हाईक नाही, ते मात्र या काळात टिकणे कठीण आहे.

भावाशी असलेला संबंध नीट समजून घ्यायला हवा. शुल्क शून्यावर आले याचा अर्थ बाजारात शुद्ध तांबे संपले, असा होत नाही. जोवर स्मेल्टर तोटा सोसून किंवा इतर उत्पन्नावर भट्टी चालवत आहेत, तोवर कॅथोड बाहेर पडतच असतात. टंचाई त्यांच्या दाराशी साचलेली असते आणि भट्ट्या बंद होऊ लागल्या की ती धातूच्या बाजारात उतरते. खाणींकडून येणाऱ्या पुरवठ्याची ओढाताण ओळखायची असेल, तर माझ्या मते रोजच्या भावापेक्षा हे शुल्क अधिक प्रामाणिक खूण आहे, कारण वायदेबाजारातील सट्ट्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

प्रश्न : गोदामांतील साठा वाढला की भाव उतरतो, असे पाठ्यपुस्तकात शिकलो. २०२५ मध्ये अमेरिकेतील साठा प्रचंड वाढला आणि तरीही तांबे महागले. हे कसे?

साठा किती आहे याइतकेच तो कुठे आहे यालाही महत्त्व असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तांब्याच्या आयातीची चौकशी सुरू केली आणि आयात शुल्क लागण्याची शक्यता दिसताच न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदेबाजारातील भाव लंडनच्या भावाच्या वर चढला. शुल्क लागण्यापूर्वी माल अमेरिकेत पोहोचवला तर हा फरक खिशात पडत होता, म्हणून व्यापाऱ्यांनी इतर देशांकडे निघालेली जहाजेही तिकडे वळवली. जगात तांबे तेवढेच होते, परंतु त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेतील गोदामांत जाऊन बसला आणि उरलेल्या जगाला कमी माल उरला.

३० जुलै २०२५ रोजी प्रत्यक्ष निर्णय जाहीर झाला. पन्नास टक्के शुल्क तारा, नळ्या, पत्रे अशा अर्धतयार मालावर लागले आणि शुद्ध तांब्याचे कॅथोड त्यातून वगळले गेले. कॉमेक्सचा भाव एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक कोसळला. मात्र कॅथोडवर पुढे शुल्क लागू शकते ही शक्यता त्याच आदेशात शिल्लक ठेवल्यामुळे गोदामांत गेलेला माल परत बाहेर पडण्याची फारशी घाई कोणाला नव्हती. पाठ्यपुस्तकातील नियम चुकीचा नाही. तो साऱ्या जगाचा बाजार एकसंध आहे असे धरून चालतो, आणि शुल्काची टांगती तलवार असताना तो एकसंध राहत नाही.

प्रश्न : हजर मालाचा भाव तीन महिन्यांनंतरच्या भावापेक्षा जास्त असल्यास त्याचा अर्थ काय घ्यावा? आणि तीनच महिने का?

लंडन मेटल एक्स्चेंजची स्थापना १८७७ ची. चिलीहून तांबे आणि मलायाहून कथील जहाजाने इंग्लंडला पोहोचायला त्या काळी साधारण तीन महिने लागत, त्यावरून हा मुख्य वायदा ठरला आणि आजही टिकून आहे.

साधारण परिस्थितीत पुढच्या तारखेचा भाव थोडा जास्त असतो, कारण माल तोवर सांभाळायचा तर गोदामाचे भाडे, विमा आणि गुंतलेल्या पैशाचे व्याज मोजावे लागते. या स्थितीला बाजारात कॉन्टँगो म्हणतात. हजर भाव वर गेला तर माल आत्ताच हवा असणाऱ्यांची संख्या अधिक आहे असे समजावे; हे बॅकवर्डेशन. ऑक्टोबर २०२१ मध्ये लंडनच्या गोदामांतील बराचसा माल उचलण्यासाठी राखून ठेवला गेला, उपलब्ध साठा अनेक दशकांच्या नीचांकावर आला आणि हजर भाव तीन महिन्यांच्या भावापेक्षा टनामागे १,००० डॉलरहून अधिक वर गेला. शेवटी एक्स्चेंजला तातडीचे नियम लागू करावे लागले.

परंतु प्रत्येक बॅकवर्डेशनमागे खरी टंचाई असतेच असे नाही. जपानच्या सुमितोमो कंपनीतील व्यापारी यासुओ हामानाका याने नव्वदच्या दशकात मोठा साठा आणि मोठे वायदे एकाच वेळी हाती ठेवून वर्षानुवर्षे भाव कृत्रिमरीत्या वर ठेवला होता. जून १९९६ मध्ये प्रकरण उघडकीस आले, भाव घसरला आणि कंपनीचे नुकसान पुढे २६० कोटी डॉलरपर्यंत मोजले गेले. म्हणून दोन तारखांच्या भावांतील फरक पाहताना साठा कोणाच्या हाती एकवटला आहे, हेही पाहावे.

प्रश्न : पृथ्वीवरील तांबे किती वर्षांत संपेल?

या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या नोंदींनुसार १९७० मध्ये जगातील ज्ञात आणि परवडणारा साठा २८ कोटी टन होता. तेव्हापासून ६० कोटी टनांहून अधिक तांबे काढून झाले आणि आज तोच विभाग साठा ९८ कोटी टनांच्या आसपास सांगतो. साठा म्हणजे जमिनीखालील एकूण तांबे नव्हे, तर आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने काढणे परवडेल तेवढे तांबे; भाव आणि तंत्र बदलले की हा आकडाही बदलतो. १९०६ मध्ये अमेरिकेतील बिंगहॅम कॅन्यन येथे डॅनियल जॅकलिंग याने दोन टक्के तांबे असलेला डोंगर उघड्या खाणीने फोडायला सुरुवात केली, तेव्हा एवढ्या हलक्या खनिजाला हात लावणे अनेक जाणकारांना वेडेपणाचे वाटले होते. आज दोन टक्क्यांचे खनिज श्रीमंत मानले जाते.

अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांची १९८० मधील पैज या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन यांचे भाव महागाई वजा करता दहा वर्षांत वाढतील असे एर्लिक म्हणाले, ते उतरले आणि १९९० मध्ये त्यांनी सायमन यांना ५७६.०७ डॉलरचा धनादेश पाठवला. मात्र ही पैज वेगळ्या दशकावर लावली असती तर निकाल उलटाही लागला असता, हे तिचा दाखला देणाऱ्यांनी विसरू नये.

तांबे संपणार नाही. ते काढणे अधिकाधिक कष्टाचे होत आहे, आणि माझी खरी चिंता तिथे आहे. खनिजात ०.६ टक्के तांबे असेल तर एक टन धातूसाठी १६६ टनांहून अधिक दगड दळावा लागतो, आणि त्यावरची माती व निरुपयोगी दगड याहून वेगळा. वीज, पाणी आणि दळून उरलेल्या गाळाला लागणारी जागा हे सारे त्या प्रमाणात वाढते. एस्कोंदिदाला समुद्राचे पाणी गोडे करून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर चढवावे लागते. आसपासच्या लोकांचे पाणी आणि जमीन यांचा विचार न करता उभारलेली खाण किती डळमळीत पायावर उभी असते, हे पनामात दिसले.

प्रश्न : विजेवरच्या गाड्या आणि डेटा सेंटर यांमुळे मागणी वाढतच जाणार, असे सगळे सांगतात. मग तांब्याचा भाव ही जगाच्या अर्थव्यवस्थेची नाडी आहे, हे आता खरे मानावे का?

पूर्वीइतके नाही. बांधकाम, कारखाने आणि घरगुती यंत्रे यांत तांबे जात असे तेव्हा भाव चढला की उद्योग जोरात आहेत असे समजणे बरेचसे बरोबर ठरे. आता जगातील निम्म्याहून अधिक शुद्ध तांबे एकटा चीन वापरतो, आणि तिथली घरबांधणी मंदावलेली असतानाही वीजवाहिन्या, सौरऊर्जा आणि विजेवरच्या गाड्यांनी मागणी धरून ठेवली. पेट्रोलच्या मोटारीत वीस-पंचवीस किलो तांबे असते, तर बॅटरीवरच्या मोटारीत ऐंशी किलोच्या आसपास. यातील बरीच मागणी सरकारी धोरणांवर अवलंबून आहे. त्यातच आयात शुल्क आणि खाणींतील अपघात यांचे परिणाम भावात मिसळतात. नाडी आहेच, परंतु ती पाहणाऱ्याला आता एवढ्यावरून निदान करता येणार नाही. डेटा सेंटरविषयी सध्या जे मोठे आकडे फिरतात त्यांच्याकडे मी सावधपणे पाहतो; त्यांना वीज पुरवणाऱ्या जाळ्यासाठी लागणारे तांबे ही मला अधिक भक्कम मागणी वाटते.

प्रश्न : तांबे महाग झाले तर उद्योग ॲल्युमिनियमकडे वळणार नाहीत का?

वळतात, आणि वळलेही आहेत. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के आहे, पण घनता एक-तृतीयांशाहून कमी असल्यामुळे वजनाच्या हिशेबात ते सरसच ठरते. उंच मनोऱ्यांवरील वीजवाहिन्या केव्हाच ॲल्युमिनियमच्या झाल्या. जिथे जागा कमी, तिथे मात्र जाड तार चालत नाही, म्हणून मोटरच्या वेटोळ्यांत तांबे टिकून आहे. घाईने केलेल्या बदलाचे परिणाम अमेरिकेत दिसले आहेत : साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तांबे महागल्यावर लाखो घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग झाले, जोडांच्या जागी ते सैल होऊन तापू लागले आणि आगी लागल्या. दोष धातूपेक्षा जोडणीचा अधिक होता, तरी विश्वास उडाला तो उडालाच.

भंगाराचा वाटा याहून मोठा आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी सुमारे एक-तृतीयांश पुनर्वापरातून येते आणि भाव चढला की सर्वांत लवकर वाढणारा पुरवठा हाच असतो, कारण भंगार साठवून बसलेले लोक माल बाहेर काढतात. पण हा साठा एकदा बाहेर पडला की पुन्हा लगेच भरत नाही. भिंतीतली तार इमारत पडेपर्यंत हाती येत नसते.

प्रश्न : मी मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर यांचे वाइंडिंग करणारा लहान उद्योजक आहे. दरपत्रक दिल्यावर महिनाभरात तांबे महागते आणि नफा जातो. काय करावे?

प्रथम आपण मोजत असलेल्या किमतीची फोड करून पाहावी. तिच्यात एक्स्चेंजवरचा भाव, त्यावर पुरवठादाराने लावलेला प्रीमियम, तार ओढण्याचा आणि इनॅमलचा खर्च आणि चलनाचा विनिमय दर असे चार भाग असतात. यातला पहिला आणि शेवटचा भाग आपल्या हातात नाही, प्रीमियमवर मात्र घासाघीस करता येते, आणि अनेक लहान ग्राहक एकच एकत्रित आकडा पाहून ती करत नाहीत.

दरपत्रकात तांब्याचे वजन किलोत स्वतंत्र दाखवावे आणि त्याचा दर माल देण्याच्या आधीच्या महिन्यातील एक्स्चेंजच्या सरासरीला बांधावा. मोठे केबल उत्पादक अशाच अटीवर व्यवहार करतात, त्यामुळे ग्राहकाला ती नवी वाटण्याचे कारण नाही. ठरावीक रकमेचाच आग्रह असेल, तर दरपत्रकाची मुदत काही दिवसांचीच ठेवावी आणि काम मंजूर झाल्याच्या दिवशीच तेवढी तार विकत घ्यावी. वायदेबाजारात स्वतः उतरण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण तिथले सौदे मोठ्या वजनाचे असतात आणि भाव विरुद्ध गेल्यास त्याच दिवशी रोख रक्कम भरावी लागते. माल हाती असूनही रोकड नसल्यामुळे मोडीत निघालेले व्यापारी या बाजाराने पुष्कळ पाहिले आहेत. आणि भाव आणखी चढेल या धास्तीने सहा महिन्यांची तार साठवू नये, कारण २००८ सारखी घसरण झाल्यास ती सगळी महाग तार आपल्या कपाटात राहील आणि आपला प्रतिस्पर्धी नव्या भावाने दरपत्रक देत असेल.